मसाई मारा: दुपारची ड्राइव्ह, चौदा गाड्या आणि इंजिन बंद करायला सांगणं

टिटवी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं केनियाला जाऊन आलो, मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई (वय ६८). अख्ख्या ट्रिपचं वर्णन लिहीत नाही, तसे धागे भरपूर आहेत. मला एकाच दुपारबद्दल लिहायचंय, कारण ती अजून डोक्यातून जात नाहीये आणि ज्यांचं बुकिंग झालंय त्यांच्या कामी येईल असं मनापासून वाटतं.

आमचा कॅम्प मसाई मारा अभयारण्याच्या तालेक गेटच्या बाहेर होता. सकाळची ड्राइव्ह (म्हणजे गाडीतून प्राणी बघायची फेरी) सहाला, मग जेवण, थोडी झोप आणि दुपारी साडेतीनला परत गाडीत. पहिल्या दिवशी आई म्हणाली एवढ्या उन्हात कुठला प्राणी बाहेर येणारे, आणि खरंच साडेतीनला ऊन मी म्हणत असतं, सिंह झुडपाच्या सावलीत चारी पाय वर करून पडलेले, झेब्रे एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे. पण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे त्यामुळे वारा असतो आणि साडेचारनंतर ऊन तिरपं झालं की सगळं हळूहळू हलायला लागतं. गवताचा रंग बदलतो. ज्यांना सकाळचीच ड्राइव्ह खरी आणि दुपारची म्हणजे उरलेली असं वाटतं त्यांनी असं करू नका, आम्हाला सगळ्यात जास्त दुपारीच मिळालं.

तर तिसऱ्या दिवशी निघालो आणि वीसेक मिनिटांत रेडिओवर खरखर झाली, स्वाहिलीत भराभर बोलणं, त्यातला 'डुमा' एवढा शब्द मुलाने पकडला. डुमा म्हणजे चित्ता. (सिंबा सिंह, चुई बिबट्या, टेम्बो हत्ती, किबोको पाणघोडा, हे शब्द त्याने पहिल्याच दिवशी पाठ केले होते.) ड्रायव्हरदादांनी गाडी वळवली. तेच आमचे गाईड, चाळिशीचे, तिथल्याच मसाई जमातीचे, कमी बोलणारे.

पोचलो तेव्हा चार गाड्या होत्या. एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली आणि खाली गवतात तिची तीन पिल्लं, चारेक महिन्यांची असतील, मानेवर राखाडी केसांचा थोडासा पट्टा अजून राहिलेला. दुर्बिणीतून तिचा चेहरा बघितला, डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली ती काळी रेघ इतकी स्पष्ट की काजळ ओघळल्यासारखी वाटते. पोट आत गेलेलं. आईने दुर्बीण घेतली, बघितलं आणि लगेच म्हणाली ही उपाशी आहे गं.

साधारण दोनशे मीटरवर थॉमसन गझेलचा छोटा कळप चरत होता (इथे सगळे त्यांना टॉमी म्हणतात, कुशीवर काळा पट्टा). ती वारुळावरून उतरली आणि चालायला लागली, डोकं पाठीच्या रेषेत, एक पाऊल टाकलं की थांबायची, कान सुद्धा हलवायची नाही. पिल्लं जिथल्या तिथे बसून राहिली. मी श्वास धरून बघत होते. आणि तेवढ्यात मागून गाड्या यायला लागल्या, पाच झाल्या, आठ झाल्या, मुलगा मोजत होता, चौदावर थांबला. एक पांढरी व्हॅन रस्ता सोडून गवतातून थेट ती आणि कळप यांच्या मधे जाऊन उभी राहिली, छपरातून सहा-सात माणसं बाहेर, कोणीतरी मोठ्याने हाक मारतंय इकडे बघ इकडे बघ. टॉमींनी माना वर केल्या, एक फुरफुरला आणि कळप निघून गेला. बस, संपलं. ती जागच्या जागी बसली. मग दोन गाड्या अजून जवळ गेल्या, कारण आता ती बसली होती म्हणजे फोटो छान येणार.

तिने पिल्लांना हाक मारली. चित्ता डरकाळी फोडत नाही, पक्ष्यासारखा चिवचिवतो, हे वाचलं होतं पण ऐकल्यावर विश्वास बसेना, एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून चिमणीएवढा आवाज. पण चौदा डिझेल इंजिनं चालू, पिल्लांपर्यंत तो पोचत नव्हता. ती परत परत बोलावत होती आणि तिघांपैकी एक पिल्लू भलत्याच गाडीच्या दिशेने बघत उभं होतं.

आई मराठीतच मोठ्याने बोलली, अरे तिला जेवू तरी द्या की रे.

मी ड्रायव्हरदादांना म्हटलं आपण इथून जाऊया का. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दोनदा विचारलं, नक्की? फोटो नीट मिळाला नाही ना अजून? मी म्हटलं नक्की. त्यांनी गाडी मागे घेतली, साधारण तीनशे मीटरवर एका एकट्या झाडाखाली लावली आणि इंजिन बंद केलं. मग जे म्हणाले ते मला आयुष्यभर लक्षात राहील. म्हणाले पाहुणे नेहमी अजून जवळ घ्या म्हणतात, आणि मी नाही म्हटलं तर कॅम्पवर जाऊन तक्रार करतात की गाईड चांगला नव्हता, टीप जाते आणि पुढचं कामही जाऊ शकतं. त्यांना नियम माहीत होते. पिल्लांची काळजीही होती. फक्त गाडीत बसलेल्या कोणीतरी आधी म्हणायला हवं होतं.

यासाठीच धागा काढलाय. मी घरी बसून आरामात त्या व्हॅनवाल्याला दोष देत होते, पण आदल्या दिवशी सिंहांपाशी आम्हीही 'थोडं पुढे घ्या ना' म्हटलं होतं. ड्रायव्हर नाही म्हणू शकत नाही, म्हणून आपण म्हणायचं. ड्राइव्ह सुरू व्हायच्या आधीच, कॅम्पवरून निघताना सांगून टाकायचं की आम्हाला अगदी जवळ जायचं नाही, आणि गाडी थांबली की इंजिन बंद करा. एवढ्या एका वाक्याने आमचे पुढचे दोन दिवस बदलले, ते मोकळेपणाने बोलायला लागले, पक्षी दाखवायला लागले.

चित्त्याचं पुढे काय झालं? थोड्या वेळाने रेडिओवर नदीकाठच्या बिबट्याची बातमी आली आणि गाड्या तिकडे पळाल्या. अर्ध्या तासाने ती उठली, पिल्लांना घेऊन क्रोटॉनच्या झुडपांमागे गेली, आणि मग दिसली नाही. त्या दिवशी तिला काही मिळालं का ते आम्हाला कळलं नाही.

परतीच्या वाटेवर दलदलीच्या कडेला हत्तींचा कळप लागला, नऊ जण. ड्रायव्हरदादांनी न सांगता इंजिन बंद केलं. आणि काय सांगू, आवाज बंद झाल्यावर ऐकू येतं की हत्ती गवत कसं उपटतात, टर्र टर्र असा आवाज, मधेच पोटातून घुमणारी गुरगुर, कान हलले की ओल्या सतरंजीसारखा फडका. एक मोठी हत्तीण आमच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर चरत होती. सोंडेने गवताचा झुबका धरायचा, पुढच्या पायाच्या नखाने मुळाशी हलकी ठोकर मारायची, झुबका सुटला की तो स्वतःच्या गुडघ्यावर दोन-तीनदा आपटायचा, माती खाली पडली की मग तोंडात. प्रत्येक घासाला हेच, घाई नाही. आई म्हणाली मेथीची जुडी आपण अशीच झाडतो. तिचं पिल्लू तिच्या पोटाखालून आरपार जाऊ शकत होतं, म्हणजे वर्षाच्या आतलं, असं ड्रायव्हरदादा म्हणाले. तेही सोंडेने गवत धरायला बघत होतं, धरलं की सुटायचं, परत धरायचं, शेवटी चार काड्या जमल्या तर त्या तोंडात न घालता डोक्यावर ठेवल्या.

चाळीस मिनिटं आम्ही एकाच जागी होतो. मुलगा, जो घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, एकदाही पुढे चला म्हणाला नाही. सहाच्या आत गेटबाहेर पडायचं असतं म्हणून निघावं लागलं, नाहीतर आई उठली नसती.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

वऱ्हाडी_माणूस

टिटवीताई, वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे हेच चालू आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती, व्हिडिओ फिरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सगळे जिप्सीवाल्यांना शिव्या देत होते, पण मागच्या सीटवरून 'आगे लो, आगे लो' कोण म्हणत होतं हे कोणी बोललं नाही. मी ताडोबाला वर्षातून दोनदा जातो, गाईड पोरं आजूबाजूच्या गावचीच असतात, त्यांना समजत नाही असं अजिबात नाही.

अजून एक, तुम्ही ज्या एकट्या झाडाखाली थांबलात ते काटेरी, लहान पानांचं, छत्रीसारखं छाटल्यागत होतं का? असेल तर ते बहुतेक हिंगणबेट. माराच्या गवतात जी एकएकटी झाडं दिसतात ती बरीचशी तीच, आमच्या गावच्या बांधावर पण आहेत, आजी फळाचा गर कपडे धुवायला वापरायची. तिथे जिराफ आणि हत्ती खातात, म्हणून खालची फांदी सगळीकडे एका उंचीला कापल्यासारखी दिसते. आणि तिथली कित्येक ठिकाणची जमीन आपल्यासारखीच काळी कापसाची माती, पाऊस झाला की लँड क्रूझर पण रुतते. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

टिटवी

हो हो, काटे होते आणि खालून अगदी सपाट कापलेलं! आईला सांगितलं, ती म्हणते मला वाटलंच होतं ओळखीचं झाड आहे. खूप खूप आभार.

भटकी_मनी

लेख छान आहे पण थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. तुम्हाला पाच-सहा ड्राइव्ह मिळाल्या. आमचं ग्रुप पॅकेज होतं, मारामध्ये दोनच रात्री, नैरोबीहून यायला सहा तास जायला सहा तास, म्हणजे हातात अडीच ड्राइव्ह. आयुष्यात एकदाच जाणारं माणूस, त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवलेले, त्याने एका हत्तीपाशी चाळीस मिनिटं कशी बसायची? गाडीत सहा जण, प्रत्येकाला वेगळं काहीतरी बघायचंय. माझ्या सासऱ्यांना नीट दिसत नाही लांबचं, त्यांना जवळून सिंह बघायचा होता आणि तो बघून ते रडले. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

टिटवी

भटकी_मनी, राग अजिबात नाही, उलट सासऱ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. सिंह आणि चित्ता यात फरक आहे असं मला वाटतं. सिंह गाडीच्या सावलीत येऊन झोपतात, आमच्याही चाकापाशी एक सिंहीण येऊन पसरली होती. तशा वेळी जवळून बघण्यात काही वाईट नाही. शिकारीला निघालेला चित्ता, पिल्लं असलेली मादी, नदी ओलांडायला काठावर जमलेले वाइल्डबीस्ट, इथे मात्र अंतर ठेवायचंच. आणि दोन रात्रींबद्दल: पॅकेज विकणाऱ्यांना आपणच विचारलं पाहिजे की केनियात सहा दिवसांत चार पार्क कशाला कोंबताय. दोन पार्क कमी करा आणि मारामध्ये चार रात्री द्या, रस्त्यावरचे तास वाचतील.

लेन्सवाला

बारा वर्षं वाइल्डलाइफ फोटोग्राफी करतोय, मारामध्ये चार वेळा गेलोय. खरं सांगतो, पहिल्या दोन वेळी मी पण जवळ घ्या म्हणणाऱ्यातलाच होतो. चित्ता शिकार करून धापा टाकत बसतो ना, वीस-वीस मिनिटं त्याला खाता सुद्धा येत नाही इतका दम लागलेला असतो, त्याच वेळेला गाड्या गोल करून उभ्या राहतात. गाड्यांचा घोळका लांबून दिसला की तरस येतात, सिंह येतात, आणि तो भांडत नाही, शिकार सोडून देतो. एकदा माझ्यासमोर हे झालं आणि त्या गोलात माझीही गाडी होती. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, मी तो कधी कुठे टाकला नाही.

जवळ गेल्याने फोटो चांगला येतो हा पण गैरसमज आहे. छपरातून खाली बघून काढला तर प्राणी ठेंगणा दिसतो. लांबून, खिडकीच्या उंचीवरून, बीन बॅगवर लेन्स टेकवून, साडेपाचच्या उन्हात काढा, गवत सोनेरी होतं आणि प्राणी तुमच्याकडे न बघता त्याचं काम करत असतो. इंजिन बंद असेल तर फोटो हलत पण नाही.

नैरोबीकर

मी इथे एकवीस वर्षं राहतोय, पाहुणे आले की माराला जाणं होतंच. थोडी माहिती देतो. एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, अंतर किमान २५ मीटर, रस्ता सोडून गवतात जायचं नाही, हे रिझर्व्हचे लिखित नियम आहेत. पण १५०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेल्या रिझर्व्हमध्ये प्रत्येक वारुळापाशी रेंजर कुठून उभा करणार. नदीपलीकडच्या पश्चिमेच्या भागात, ज्याला मारा ट्रँगल म्हणतात आणि जो २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था सांभाळते, तिथे शिस्त बरीच जास्त असते असा माझा अनुभव. रिझर्व्हला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी (राखीव जंगलपट्टे) आहेत, जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात, आणि तिथे गाड्या मोजक्याच असतात. महाग पडतं, पण परवडत असेल तर निदान दोन रात्री तिथे काढा.

चित्त्यांबद्दल टिटवीताई बोलल्या ते नुसतं मनाला लागलं म्हणून सोडून देऊ नका. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या खूप, तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, आणि जिथे गाड्या कमी तिथे २.३. गाडीखाली पिल्लू मेलं असं त्यात नाही, आईची शिकार हुकते, ती अस्वस्थ राहते, शिकार मिळाली तरी ती हिसकावली जाते, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे ताईंनी जे एका दुपारी बघितलं तेच रोज.

गाईड घेताना एक करा, त्याच्या शर्टावर बिल्ला आहे का बघा. केनियात सफारी गाईडांची संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे बिल्ले देते. सिल्व्हरवाला गाईड मिळाला तर नशीब समजा, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐका.

टिटवी

०.२ आणि २.३... आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली ती तिघं जगली असतील का गं.

करवीर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या कोल्हापूरचा आणि चित्त्याचा जुना संबंध. संस्थानच्या काळात काळवीटाच्या शिकारीला चित्ते पाळायचे, डोळ्यावर टोपी घालून बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचे, ते सांभाळणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. पुढे आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरला ते थेट आफ्रिकेतून बोटीने आणले गेले. आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीरच झालं. नाव आपलं, संस्कृतातल्या चित्रकापासून आलेलं, इंग्रजीने सुद्धा तेच घेतलं, आणि प्राणी मात्र आपण घालवला. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत नामिबियाचे आठ आले तेव्हा माझ्या वडिलांनी टीव्हीसमोर हात जोडले होते. म्हणून वाटतं, जिथे अजून ते मोकळे फिरतायत तिथे जाऊन आपल्या मराठी माणसाने तरी त्यांच्या वाटेत उभं राहू नये.

पहिलीवारी

सगळ्यांचे आभार, आमचं ऑगस्टचं बुकिंग आहे, नदी क्रॉसिंगसाठी. सासूबाई सोबत आहेत, वय ६४. दोन प्रश्न. यलो फीव्हरची लस त्यांना घ्यावीच लागेल का? आणि आमच्या ड्रायव्हरला इंग्रजी कमी येतं असं कंपनीने सांगितलंय, त्याला इंजिन बंद कर वगैरे कसं सांगायचं?

टिटवी

लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, आणि लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, परत येताना भारतात विमानतळावर बघतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना डॉक्टर आधी नीट तपासतात, आईचं तसंच झालं, त्यामुळे आत्ताच जा, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. व्हिसा आता नाही, ऑनलाइन ईटीए (प्रवासाची परवानगी) काढायचा. जुलै ते डिसेंबर रिझर्व्हची फी माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, आम्ही फेब्रुवारीत १०० दिले, तर पॅकेजमध्ये ती धरलीय का विचारून घ्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या पार्कात चालत नाहीत, स्टीलची न्या. संध्याकाळी उघड्या गाडीत गार वारा लागतो, सासूबाईंना स्वेटर आणि कानाला रुमाल.

स्वाहिलीचं नैरोबीकर सांगतील.

नैरोबीकर

अगदी सोपं आहे. इंजिन बंद करा: 'झिमा इंजिनी'. थोडं मागे घ्या: 'रुडी न्युमा किडोगो'. हळू: 'पोले पोले'. प्रत्येकाच्या मागे 'तफधाली' लावा, म्हणजे कृपया. आणि त्याने केलं की 'असांते साना', ते मनापासून म्हणा. क्रॉसिंगच्या वेळी काठापासून लांब थांबायला सांगा, कळप बिचकला की तासन्‌तास उतरत नाही आणि मग सगळेच रिकाम्या हाताने परततात.

पहिलीवारी

सासूबाईंनी वहीत लिहून घेतलंय, सकाळपासून घरात 'झिमा इंजिनी, तफधाली' चालू आहे. त्या म्हणतात ड्रायव्हरला मीच सांगणार, मुलांचं कोणी ऐकत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघतोय, आल्यावर इथेच लिहीन.